येझदीचा क्रँक खोलायच्या आधी हे जमवून ठेवा

जुन्या येझदी-जावा मोटरसायकलचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा इंजिनातला दांडा) बनवायचा म्हटलं की बरेच जण आधी इंजिन उतरवतात आणि मग पार्ट शोधत फिरतात, तसं अजिबात करू नका. मैसूरची फॅक्टरी १९९६ लाच बंद पडली, आता मिळतो तो एकतर कुणाच्या माळ्यावरचा जुना माल नाहीतर नवीन बनवलेला, आणि दोन्ही हातात घेऊन बघितल्याशिवाय भरवसा नाही. कनेक्टिंग किट (पिस्टन आणि क्रँक जोडणारी रॉड, तिची पिन आणि बेअरिंग), मेन बेअरिंग, दोन्ही बाजूचे ऑइल सील, गॅस्केट सेट, गजनपिनचे (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) नवीन लॉक, एवढं टेबलावर आलं की मगच पाना हातात घ्यायचा.

बेअरिंग घेताना सी३ (म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक) लिहिलेलंच मागा, इंजिन तापल्यावर आत जागा लागते. आणि सील जुने ठीक दिसतायत म्हणून परत बसवू नका, टू-स्ट्रोकमधे क्रँककेसच (क्रँकभोवतीची बंद पेटी) पंपाचं काम करते, पेट्रोल-हवेचं मिक्शर आधी तिथं येऊन दाबलं जातं आणि मग वर जातं, सील लीक झालं की बाहेरची हवा ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम. क्लचकडचं गेलं तर तिकडचं ऑइल ओढून गाडी नुसता धूर काढते.

हत्यारात डायनॅमोचा पुलर, पुढच्या स्प्रॉकेटचा पुलर आणि स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर पाहिजेच, नाहीतर स्क्रूची डोकी जाणार. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रँक प्रेसखाली द्यायच्या आधी दोन्ही फ्लायव्हीलवर एका सरळ रेषेत खूण करा आणि व्हर्नियरनं बाहेरून बाहेर रुंदी चार ठिकाणी मोजून वहीत लिहा. काकांच्या येझदीला मी हे केलं नव्हतं, पिन जास्त आत दाबली गेली, रॉड बाजूला हलायचीच बंद झाली, हातानं फिरवली तर घासत घासत फिरायची, परत सगळं खोलावं लागलं आणि काका रोज संध्याकाळी येऊन विचारायचे झाली का रे. रॉडला वर-खाली प्ले (हलायला मोकळीक) अजिबात नको पण बाजूला थोडा पाहिजेच, हे डोक्यात पक्कं ठेवा.

लेथवाला आधीच ठरवा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात लूमचे पार्ट करणाऱ्यांचा हात चांगला बसलेला असतो, पण प्रेस असणं वेगळं आणि क्रँक सेंटरला आणणं (न डगमगता सरळ फिरेल असा करणं) वेगळं, त्यामुळं डायल (तो डगमगणं सुईनं दाखवणारं मीटर) आहे का ते पहिलं विचारा आणि काम चालू असताना तिथंच थांबा. डायलची सुई ०.०३ एमएमच्या आत येईपर्यंत तांब्याच्या हातोड्यानं मारून परत बघायचं, घाई नाही. पिनला वेल्डिंगचा टाका मारून देतो म्हणाला तर सरळ नको म्हणा, पुढच्या वेळी फ्लायव्हीलच वाया जातं.

बेअरिंग बसवायच्या आदल्या रात्री ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमधे ठेवा. क्रँककेस शेगडीवर एका जागी जाळायची नाही, सगळीकडून सारखी तापवायची, पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे, मग बेअरिंग हातानंच आत जातं. हे काम दोघांचं आहे, एक जण चिंधी घेऊन क्रँककेस धरायला लागतो, घरातल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

टूटी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमधे मिसळायचं) पण आधीच आणा. सुरुवातीला लिटर पेट्रोलला ५० एमएल, पहिले ५०० किलोमीटर फुल थ्रॉटल नाही. उन्हाळा असेल तर पहाटेच निघा, अक्कलकोटला जाऊन या, मधे वळसंगला थांबून इंजिन गार होऊ द्या, प्लग काढून रंग बघा, चॉकलेटी असला तर पुढं चला.