निष्ठा आणि आदर यांवर आधारित एचआयव्ही प्रतिबंध मोहीम कशी आखावी

मोहीम आखताना प्रथम हे ध्यानात घ्यावे की, दोघेही एकनिष्ठ असतील आणि दोघांनाही आपली एचआयव्ही स्थिती ठाऊक असेल, तरच निष्ठेमुळे संरक्षण मिळते. एरवी स्वतः निष्ठेने वागणाऱ्या व्यक्तीलाही जोडीदाराकडून संसर्ग होऊ शकतो. म्हणून फलकावर ‘एकनिष्ठ राहा’ एवढेच न लिहिता दोघांनी मिळून तपासणी करून घ्यावी, आणि संसर्गानंतर प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) चाचणीत दिसण्यास तीन महिन्यांपर्यंत काळ लागू शकत असल्याने गरजेनुसार ती पुन्हा करावी, हेही सांगावे.

घोषवाक्य लोकांच्या जगण्यातून उचलावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युगांडाने ‘झिरो ग्रेझिंग’ म्हणजे ‘बाहेर चरू नका’ असे आवाहन केले, आणि गुरे पाळणाऱ्या समाजाला ती भाषा परकी नव्हती.

आदराचा विषय मात्र घोषवाक्यात मावत नाही. जिथे नकार दिल्यास किंवा कंडोमचा आग्रह धरल्यास मारहाणीची भीती असते, तिथे निष्ठेचा उपदेश (तोही बहुधा स्त्रियांनाच केलेला) निरुपयोगी ठरतो. त्यामुळे पुरुषांच्या गटांशी संमतीविषयी स्वतंत्र संवाद ठेवावा आणि हिंसा सोसणाऱ्यांना मदत कुठे मिळेल, हे प्रत्येक पत्रकात छापावे.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना चारित्र्यहीन ठरवणारा मजकूर लोकांना तपासणीपासून दूर लोटतो, तेव्हा तो कटाक्षाने टाळावा. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिल्यास लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे ठळकपणे सांगावे, आणि कंडोम व एचआयव्ही-प्रतिबंधक गोळ्यांची माहिती निष्ठेच्या नावाखाली वगळू नये.