पेटीचा तळ खिळ्यांवर टांगू नका

मी नाटकांच्या सेटचा सुतार. शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग, तिथून रात्री गडकरी, दुसऱ्या दिवशी बस कोल्हापूरच्या वाटेला, अशात उमेदीची सगळी वर्षं गेली. प्रयोग संपला की रात्री एक वाजता सेट उतरवतात. त्या वेळी कोणाचेही हात हळुवार नसतात. त्यामुळे वस्तू बांधताना ती कशी दिसेल याआधी ती कशी आदळेल हे माझ्या डोळ्यांपुढे येतं.

एवढं असूनही बाटल्यांसाठी बांधलेली माझी पहिली पेटी दादरच्या पुलावर फुटली.

आमच्या लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या वहिनी उन्हाळ्यात कोकम सरबताचा पाक करतात. काचेच्या ७५० मिलीच्या बाटल्या, दादर-पार्ल्याची ठरलेली दुकानं. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये त्यांच्या उंच बाटल्या डुलायच्या, म्हणून मी १२ बाटल्यांची लाकडी पेटी करून दिली. रंधा मारलेली, कोपरे जुळलेले, बघत राहावी अशी. करी रोडहून दुपारच्या मालडब्यातून दादरला उतरलो, पुलाच्या चार पायऱ्या चढलो आणि हातात पेटी राहिली, तळ गेला. नऊ बाटल्या फुटल्या. पायऱ्यांवरून लालभडक पाक ओघळताना बघून मागचा माणूस ओरडला, ‘‘कोणाला लागलं?’’ मग वास आल्यावर हळहळला, ‘‘अरेरे, कोकम!’’

घरी येऊन तळ पाहिला. लाकूड शाबूत, प्लायला चीर नाही. खिळे सरळ उपटून आले होते. चूक माझीच. मी तळाचा प्लाय खालून ठोकला होता. खिळा काढायचा झाला की आपण तो सरळच उपटतो ना? तळ खालून ठोकला की बाटल्या प्रत्येक पावलाला तेच काम करत राहतात. तोच खिळा आडवा कापायला जा, मोठी ताकद लागेल. म्हणून पेटी आखताना एकच प्रश्न विचारत जायचं: इथलं वजन लाकडावर बसलंय, की खिळ्यावर लटकलंय?

आता कृती. मापं इंच आणि सुतात देतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आधी तुमची बाटली मोजा. पोटाला दोरा गुंडाळून तो मोजा आणि ३.१४ नं भागा. आमच्या बाटलीचं पोट ३ इंच, उंची पावणेबारा. प्रत्येक खणाला २ सूत मोकळीक धरा, म्हणजे खण सव्वातीन इंचाचा. ही मोकळीक कंजुषी करून कमी करू नका. जुलैत मुंबईत लाकूड फुगतं. एकदा मी एकच सूत सोडलं होतं, तेव्हा भर पावसाळ्यात वहिनी बाटली पिळून काढत होत्या, जणू बोअरिंगचा पाइप. मधल्या पट्ट्या २ सुती, म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लायच्या. चार खण लांबीत आणि तीन रुंदीत धरले की पेटीची आतली लांबी पावणेचौदा आणि रुंदी सव्वादहा इंच येते.

लाकडासाठी मी रे रोडच्या वखारींत जातो. यंत्रांच्या खोक्यांमधलं जुनं पाइन तिथं मिळतं, आपले लोक त्याला देवदारीच म्हणतात. हलकं असतं, खिळा छान घेतं. पण विकत घेण्याआधी फळीवरचा शिक्का बघा. परदेशातून आलेल्या पॅकिंगच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि बाजूला इंग्रजी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड आतपर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते घ्या. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते; खाण्यापिण्याच्या वस्तूला मी ते वापरत नाही. गाठी असलेली फळी तळाला चालेल, मुठीला अजिबात नाही. आणलेलं लाकूड आठवडाभर घरात उभं करून ठेवा. बंदराजवळच्या उघड्या वखारीतली फळी आली तशी कापलीत, तर सुकल्यावर माप बदलतं. लांबीत नाही बदलत फारसं, रुंदीत बदलतं.

पेटीचा खरा जीव तिच्या दोन आखूड बाजूंत असतो. त्यांना मी तोंडं म्हणतो. प्रत्येक तोंडाला पाऊण इंच जाडीच्या, पावणेपाच इंच रुंद, सव्वादहा इंच लांब अशा तीन फळ्या आडव्या एकावर एक ठेवा. उंची सव्वाचौदा झाली. बाहेरून, दोन्ही कडांना लागून, दोन उभे बत्ते: दीड इंच रुंद, एक इंच जाड, सव्वाचौदा लांब.

हे बत्ते शोभेचे नाहीत, लांब बाजूंच्या पट्ट्या पुढे त्यांतच ठोकायच्या आहेत. आडव्या फळीचं कापलेलं टोक, जिथं झाडाची वर्तुळं दिसतात, तिथं मारलेला खिळा तंतूंच्या दिशेनं आत जातो आणि त्याला धरायला काही नसतं. झाडूच्या काड्यांत वरून सुई खुपसावी तसं. बत्त्याचे तंतू उभे आहेत, त्यात बाजूनं मारलेला खिळा तंतूंना आडवा जातो आणि ते त्याला आवळून धरतात. माझ्या पहिल्या पेटीला बत्तेच नव्हते. तळ गेला नसता तर महिन्याभरात कोपरे उघडले असते.

फळ्या बत्त्यांना जोडताना २ इंची खिळे आतून बाहेर मारा. पाऊण अधिक एक, म्हणजे पावणेदोन इंच लाकूड. खिळ्याचं टोक २ सूत बाहेर येईल. ते बत्त्याच्या तंतूंना आडवं वाकवून हातोडीनं लाकडात बसवून टाका. असा वाकवलेला खिळा सहज उपटत नाही. खोकी बांधणाऱ्यांची ही जुनी चाल आहे आणि स्क्रूपेक्षा स्वस्त. प्रत्येक फळीला प्रत्येक बत्त्यावर दोन खिळे, पण एकाच उभ्या रेषेत नकोत, नाहीतर बत्ता त्या रेषेवर चिरतो. कोणताही खिळा मारण्याआधी त्याचं टोक दगडावर ठेवून हातोडीची एक टिचकी द्या. अणकुचीदार टोक पाचर घातल्यासारखं लाकूड फाडतं; बोथट टोक समोरचे तंतू तोडत जातं. पोरं हसतात, मग त्यांची फळी फाटते.

मूठ सगळ्यात वरच्या फळीत कापायची. वरच्या कडेपासून दीड इंच सोडून, ४ इंच लांब आणि सव्वा इंच उंच. सव्वा इंची गिरमिटानं दोन भोकं पाडा, मधला भाग करवतीनं काढा, कानशीनं कडा मोडा. फळ्या आडव्या ठेवल्याचा फायदा इथं दिसतो. मुठीवरची दीड इंचाची पट्टी तंतूंच्या लांबीत वाकते, म्हणून टिकते. फळ्या उभ्या लावल्या असत्या तर तीच पट्टी बिस्किटासारखी मोडली असती. शिवाय ही जागा बाटल्यांच्या मानेपाशी येते, तिथं बाटली निमुळती असते, बोटांना आत जागा मिळते. दोरीच्या मुठी मला आवडत नाहीत. काथ्या पावसात कुजतो, नायलॉन हात कापतो, आणि पेट्या एकावर एक ठेवताना गाठी मधे येतात.

आता तळ, म्हणजे ज्यासाठी हा सगळा प्रपंच. दोन्ही तोंडांच्या आतल्या अंगाला, खालून अर्धा इंच वर, एक इंच बाय एक इंचाची सव्वादहा लांब पट्टी स्क्रूनं बसवा. प्रत्येकी चार स्क्रू: मधले दोन दीड इंची, कडेचे दोन अडीच इंची. हे कडेचे स्क्रू फळी ओलांडून बाहेरच्या बत्त्यात पाऊण इंच शिरतात, तिथंच तळाचा भार उभ्या लाकडावर जातो. स्क्रूआधी बारीक ड्रिलनं भोक पाडायचंच. मग अर्धा इंच जाड, सव्वातीन रुंद, पावणेचौदा लांब अशा तीन फळ्या या पट्ट्यांवर वरून टेकवा, मधे दोन-दोन सुतांची फट सोडून. प्रत्येक टोकाला एकेक खिळा पुरे, तोही केवळ फळी सरकू नये म्हणून. बाटल्यांचं वजन फळीवर, फळीचं पट्टीवर, पट्टीचं तोंडावर. खिळ्याला उपटणारं आता कोणी नाही. फटींना फेविकॉल लावून त्या बुजवू नका. लाकडाला फुगायला जागा लागते आणि एखादी बाटली फुटलीच तर पाक खाली गळून जायला हवा, नाहीतर मुंग्यांचं संमेलन. खाली सुटलेला अर्धा इंच म्हणजे पेटीचे पाय; ओल्या फलाटावर तळ भिजत नाही.

लांब बाजूंना प्रत्येकी दोन पट्ट्या: ३ इंच रुंद, अर्धा इंच जाड, सव्वासतरा लांब. टोकं बत्त्यांवर येतात, तिथं दीड इंची दोन-दोन खिळे, एकमेकांकडे किंचित कललेले. खालची पट्टी जमिनीपासून अर्धा इंच वर. वरची पट्टी तोंडापेक्षा २ सूत उंच ठेवा. दुसरी पेटी वर ठेवली की तिची तोंडं या दोन उंच पट्ट्यांच्या मधे बसतात आणि पेटी बाजूला घसरत नाही. त्यासाठी तोंडांच्या खालच्या टोकाला दोन्ही कडांवर रंध्याचा एकेक हात मारून घ्या, नाहीतर घट्ट होईल. वरच्या पेटीचं वजन खालच्या तोंडांवर जातं, बाटल्यांच्या बुचांवर नाही, कारण बाटलीच्या वर अर्धा इंच जागा उरते. तरी तीनच्या वर पेट्या रचू नका.

मधे तिसरी आडवी पट्टी मारायचा मोह होतो. ती तिरकी मारा. चौकोन कितीही ठोका, धक्क्यानं तो कलतो. त्रिकोण कलत नाही. आमच्या सेटच्या फ्लॅटला, म्हणजे खोट्या भिंतीच्या चौकटीला, कोपऱ्यात प्लायचे त्रिकोण असतात ते याचसाठी. दोन इंच रुंद पट्टी एका बत्त्याच्या खालून दुसऱ्याच्या वर, आणि समोरच्या बाजूला उलट दिशेनं. लांबीचं गणित करत बसू नका, जागेवर धरून पेन्सिलनं खूण करा आणि कापा. ठोकण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजा. सारखे आले तरच पेटी गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे.

खणांसाठी प्लायच्या ७ इंच उंच पट्ट्या: पावणेचौदाच्या दोन, सव्वादहाच्या तीन. लांब पट्टीवर सव्वातीन, पावणेसात आणि सव्वादहा इंचांवर, आखूड पट्टीवर सव्वातीन आणि पावणेसातवर २ सुती खाचा सुरू करा, खोली साडेतीन इंच. एकीच्या खाचा वरून, दुसरीच्या खालून, म्हणजे त्या एकमेकींत बसतात. खाच प्लायपेक्षा केसभर सैल हवी. जाळी ठोकू नका, धुवायला उचलून काढता आली पाहिजे. तळाला रबराचा पातळ तुकडा टाका. गोणपाट नको, ते ओल धरतं.

शेवटी बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा हात, दोन वेळा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका; ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

पाक भरण्याआधी बाटल्यांत पाणी भरा आणि पेटी गुडघ्याच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडा. सपाट नाही, कोपऱ्यावर, कारण माणसाच्या हातून ती तशीच निसटते. चारही कोपरे झाले की कर्ण परत मोजा. माझ्या दुसऱ्या पेटीचे कर्ण एका सुतानंही हलले नाहीत. मी खूश होऊन वहिनींना बोलावलं. त्यांनी पेटी उचलली, परत ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘भावजीनु, ही माका उचलूची आसा, तुमका नाय.’’

बरोबर होतं. भरलेली बाटली साधारण १ किलो ४०० ग्रॅम, बारांची पेटी लाकडासकट बावीस किलोंच्या वर जाते. ती दोघांनी धरायची. त्यांच्यासाठी मग सहाची केली, टेकडीसारखी मधे उंच. मधली लांब पट्टी प्लायऐवजी पाऊण इंची फळीची, बाटल्यांच्या वर ४ इंच निघालेली, तिच्यातच मूठ. आतली रुंदी सव्वासात, लांबी सव्वादहा. ही मधली फळी तळाच्याही खाली जाते, तिथं तिला दोन्ही अंगांना इंचाच्या पट्ट्या, आणि तळाच्या फळ्या त्यांवर टेकलेल्या. एका हातात मावते. एकावर एक रचता येत नाही, पण वहिनी म्हणतात रचायचंय कोणाला, दुसऱ्या हातात पिशवी असते.