पायातील रॉड-प्लेट काढण्यापूर्वी करावयाची तयारी

पायातील रॉड किंवा प्लेट काढण्याची तारीख मिळाली की घरातील माणसे निर्धास्त होतात. हाड जुळलेले असते, रुग्णालयात फार दिवस राहावे लागत नाही, आणि पुष्कळांना दुसऱ्याच दिवशी पायावर भार देण्याची परवानगी मिळते. हे सर्व खरे असले, तरी स्क्रू निघाले म्हणजे त्यांच्या जागी हाडात रिकामी भोके उरतात, ती भरून हाड पुरते मजबूत होण्यास काही महिने जातात, आणि तोवर पाय मुरगळून पडल्यास त्या भोकापाशीच हाड पुन्हा मोडू शकते. म्हणून या तयारीत माणूस पडणार नाही ही काळजी सर्वांत आधी येते.

त्यासाठी पहिले काम म्हणजे कुबड्यांच्या टोकांची रबरे बदलणे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या कुबड्या माळ्यावर असतातच, त्याच उतरवून पुसून वापरावयाच्या असे ठरते, आणि त्यांचे रबर कोणी उलटे करून पाहत नाही. ते पाहावे. नव्या रबराच्या तळाला गोल खाचा असतात. जुन्याच्या खाचा झिजून तळ गुळगुळीत झालेला असतो, एक कड तिरपी खाल्लेली असते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत वर्षभर पडून राहिल्याने रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा गेलेल्या असतात. असे रबर ओल्या फरशीवर साबणाच्या वडीसारखे सरकते. माझ्या पायातील रॉड काढला त्या वेळी बाकी सारे जमवले होते, एवढेच राहिले, आणि सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, कुबडी सरकून टाके उसवले. आता धाकट्या भावाच्या पायातील प्लेट निघावयाची आहे, म्हणून हे लिहीत आहे. रबर किरकोळ किमतीत सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते; मात्र नळीची जाडी वेगवेगळी असते, तेव्हा कुबडीच सोबत न्यावी आणि रबर तेथेच बसवून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावे, नंतर नव्हे.

कुबडीची उंचीही त्याच वेळी लावावी. काखेखाली दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे आणि भार तळहातांवर आला पाहिजे. काखेवर रेललात तर तेथील शीर दबून हाताला मुंग्या येतात. पुढे एकच कुबडी उरली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ जण ती दुखऱ्याच बाजूला धरतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबडी आधी.

तारीख आपल्या हाती असेल तर पावसाळा टाळावा. चतुर्थीपूर्वी उरकून टाकू, म्हणजे सणाला मोकळे होऊ, हा हिशेब गोव्यातील घरोघरी होतो आणि तो चुकीचा आहे: त्या दिवसांत चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, पाहुण्यांच्या ओल्या पावलांनी सोपा भिजलेला असतो, आणि कुबडीवरच्या माणसालाही आरतीला उभे राहावेसे वाटते. स्क्रू मोडलेला असेल, टोचत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर गोष्ट वेगळी. तेथे डॉक्टर सांगतील ती तारीख.

कागदपत्रांत आधार कार्ड वगैरे सांगावयास नको. मात्र पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे आणि इम्प्लांटचे, म्हणजे पायात बसवलेल्या रॉड-प्लेटचे, स्टिकर शोधून डॉक्टरांना आधीच दाखवावे, कारण प्रत्येक बनावटीच्या स्क्रूला वेगळे अवजार लागते. ते नेमके हाताशी नसेल तर स्क्रूचे डोके झिजते, शस्त्रक्रिया लांबते, आणि कधी एखादा तुकडा आतच ठेवावा लागतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असल्यास ही शस्त्रक्रिया त्यात बसते का आणि मंजुरी कधी घ्यावयाची, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) असो वा खासगीत, आदल्या संध्याकाळी धावपळ करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर ती सांगावीत, स्वतःहून बंद करू नयेत.

घरी न्हाणीघरात रबरी पायांची खुर्ची ठेवावी. प्लास्टिकचे हलके स्टूल सरकते. पायपुसणी आणि गालिचे उचलून ठेवावेत, रात्री संडासच्या वाटेवर दिवा असावा. पाय उंच ठेवताना उशी केवळ गुडघ्याखाली न घेता पोटरीपासून टाचेपर्यंत आधार द्यावा, आणि पाऊल छातीपेक्षा वर असावे. पडल्या पडल्या घोटा वर-खाली हलवत राहावे. पोटरीत रक्त साकळू नये म्हणून हे आवश्यक आहे. मासळीने जखम चिघळते असे सांगणारे कोणीतरी भेटतेच. डॉक्टरांनी मना केले नसेल, ॲलर्जी नसेल, तर बांगडे-तारले बंद करू नयेत. जखम भरण्यास प्रथिने लागतात.

आणि कुबडी पाण्यातून आली की तिचे रबर कोरड्या फडक्याने पुसावे. कोणी पुसावयाचे ते घरात ठरवून ठेवावे, कारण कुबडीवरच्या माणसाला वाकता येत नाही.

ताप, जखमेतून पू, वाढती लाली, किंवा पोटरी सुजून दुखू लागली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखले किंवा धाप लागली तर थेट रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन.

पुढचे थोडक्यात. टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर पट्टी कोरडी ठेवावी. फिजिओथेरपी सोडू नये. स्कूटर डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही, कारण थांबताना तोल गेला तर सगळा भार त्याच पायावर येतो. फुटबॉल, धावणे, ओझी उचलणे यांना कित्येकदा तीन-चार महिने लागतात; एक्स-रे पाहून डॉक्टर ठरवतील. रबर महिन्याभराने पुन्हा उलटे करून पाहावे, खाचा दिसत नसतील तर बदलावे.