कपडा आधी उलटा करून पाहावा

मेन रोड असो, शालिमार असो की बुधवारी गोदाकाठी भरणारा बाजार असो, नाशिकमध्ये स्वस्त कपड्यांना तोटा नाही. तोटा आहे तो कपडा उलटा करून पाहण्याच्या सवयीचा. दुकानदार कपडा सुलट पसरतो, पण तो किती वर्षे टिकेल हे आतल्या बाजूनेच कळते.

आत प्रथम माया पाहावी. शिवणीपलीकडे निदान एक सेंटिमीटर कापड सोडलेले आणि कडेला ओव्हरलॉक केलेले, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कड दोऱ्याने गुंफलेली असेल, तर शिवण सहसा निसटत नाही आणि पुढे अंग भरले तरी शिंपी तो कपडा थोडा सैल करून देऊ शकतो; स्वस्त मालात कापड वाचवण्यासाठी कात्री बहुधा इथेच चालते. मग शिवणीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून हलकेच ताणाव्यात. टाक्यांमधून फटी दिसू लागल्या, तर तो कपडा काखेत लवकर उसवणार. गडद रंग असल्यास ओला पांढरा रुमाल आतून घासून पाहावा. विक्रेत्याच्या कपाळावर आठी पडते, पडू द्यावी. मी एकदा भिडेपायी हे टाळले आणि साडेतीनशेच्या निळ्या कुडत्याने पहिल्याच धुण्यात घरातली चार बनियने आभाळी करून टाकली.

माप घेताना खांदा बरोबर बसलाच पाहिजे. लांबी, बाही, कंबर हे शिंप्याचे किरकोळ काम. खांदा उसवून पुन्हा बसवणे मात्र स्वस्त कपड्याला परवडत नाही. सुती कापड आटते, म्हणून शिवायला टाकण्यापूर्वी ते रात्रभर भिजवून वाळवावे. किमतीचा हिशेब वापरावर करावा: 250 रुपयांचा शर्ट दहा वेळा घालून टाकला तर दर वेळी 25 रुपये पडतात, 600 रुपयांचा 120 वेळा घातला तर पाच.

धुताना कपडा उलटा करावा, साध्या पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा. पावसाळ्यात दमट कपडा कपाटात ठेवू नये.

शर्टाची कॉलर सहसा सगळ्यात आधी घासते. ती उसवून, उलटून पुन्हा बसवता येते. फक्त कॉलरच्या खालच्या बाजूलाही शर्टाचेच कापड आहे ना, हे विकत घेतानाच पाहून ठेवावे.