पार्टीतले खेळ का पडतात? या चुका टाळा

पार्टीत कोणता खेळ घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. माणसं किती आहेत? आणि त्यातलं एकेक माणूस किती मिनिटं नुसतं बसून राहणार आहे? पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. दुसरी गोष्ट कुणाच्या डोक्यातही आलेली नसते, आणि खेळ पडतो तो नेमका तिथेच. आदल्या रात्री नेटवरून पंचवीस खेळांची यादी उतरवून घेतात, फुगे आणतात, बक्षिसं आणतात, पण साधा भागाकार करत नाहीत. मला याचा खरंच त्रास होतो, कारण हौसेने आलेली माणसं कंटाळून बसलेली बघवत नाहीत.

बाद करणारे खेळ मोठ्या गर्दीत घेणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती मीही केली आहे. एका समारंभात चाळीस जणांना मी एकाच गोलात संगीत खुर्ची खेळवली. दर फेरीला एक खुर्ची कमी, म्हणजे विजेता ठरेपर्यंत ३९ फेऱ्या. गाणं वाजणार, थांबणार, "मी आधी बसले" यावर वाद होणार, खुर्ची उचलायची, गोल पुन्हा नीट करायचा. फेरीला दीड मिनिट धरलं तरी जवळजवळ एक तास. हा हिशेब मी घरी कागदावर करायला हवा होता, तो मला हॉलमध्ये उभं राहून समजला.

पहिल्याच फेरीत बाद झालेली बाई तिथे फारशी कुणाला ओळखत नव्हती. ती खेळायला उठली याचंच मला केवढं बरं वाटलं होतं! दीड मिनिटात ती गोलाबाहेर गेली आणि पुढचा सगळा वेळ भिंतीलगतच्या खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसली. दहा-बारा जण बाद झाल्यावर त्यांच्या आपापसात गप्पा सुरू झाल्या, मग गाणं ऐकू येईना, मग मी माईकवरून "शांत राहा" म्हणू लागले. पार्टीत लोकांना शांत राहायला सांगायची वेळ आली की समजावं, खेळ हातातून गेला. शेवटी दोन चपळ मुलगे उरले आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला मोजून सात-आठ जण. मधेच एक घडीची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकली आणि एक गृहस्थ मनगटावर पडले, ते वेगळंच.

तेव्हापासून मी दर फेरीला पाच खुर्च्या काढते. चाळीस जण असतील तर सात फेऱ्यांत पाचजण उरतात, त्यापुढे एकेक खुर्ची. एकूण ११ फेऱ्या, पंधरा-सतरा मिनिटांत खेळ आटोपतो. बाद झालेल्यांना लगेच काम द्यायचं: एकाने गाणं थांबवायचं, दोघांनी पंच व्हायचं, बाकीच्यांनी कोण जिंकणार ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. लहान मुलं असतील तर त्यांना सरळ कच्चा लिंबू धरावं, पहिल्या तीन फेऱ्या ती बाद होत नाहीत. घडीच्या आणि चाकांच्या खुर्च्या मी लावतच नाही. धड खुर्च्या नसतील तर जमिनीवर मोठे कागद चिकटवून त्यावर उभं राहायला सांगते. घरचीच मंडळी असतील तर एक प्रकार मला फार आवडतो. त्यात कागद कमी होत जातात पण माणूस कुणीच बाद होत नाही, उरलेल्या कागदांवर सगळ्यांनी एकमेकांना धरून मावायचं. अनोळखी लोकांत मात्र हे नको, अंगाला अंग लागणं सगळ्यांना चालत नाही.

'माफिया' या खेळाचंही तेच. त्यात काही जण गुपचूप माफिया असतात, बाकीचे शहरवासी. 'रात्री' सगळे डोळे मिटतात आणि माफिया एकाला बाद करतात, 'दिवसा' सगळे मिळून संशयिताला मत देऊन बाद करतात. दिमित्री दाविदॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९८६ साली मॉस्को विद्यापीठात तो रचला. दहा-बारा जण एका खोलीत निवांत बसलेले असतील तर त्याच्यासारखा खेळ नाही. पण साठ माणसांच्या जेवणावळीत, चमच्यांच्या आवाजात, "शहर झोपलं आहे, डोळे मिटा" सांगून पाहा. निम्म्यांना ऐकूही येणार नाही.

दमशेराजमध्ये एकाच वेळी एकच माणूस

चोवीस जण, दोन गट, एकेकाला तीन मिनिटं. सगळ्यांना एकदा राज्य यायला ७२ मिनिटं लागतात. आणि एक गट ओळखत असताना दुसरे बारा जण काय करतात? काहीच नाही.

मी सहा-सहाचे चार गट करून त्यांना हॉलच्या चार कोपऱ्यांत बसवते आणि स्वतः मधोमध उभी राहते. यादी पंधरा शब्दांची. शब्द सगळ्यांना तेच, फक्त प्रत्येक गटासाठी क्रम वेगळा, म्हणजे शेजारच्या कोपऱ्यातून ऐकून फायदा होत नाही. प्रत्येक गटाचा एक भिडू माझ्याकडे येतो, मी कानात शब्द सांगते, तो परत जाऊन अभिनय करतो. ज्याने ओळखलं त्याने पुढच्या शब्दासाठी यायचं. यादी आधी संपवेल तो गट जिंकला. चारही कोपऱ्यांत एकाच वेळी आरडाओरडा चालतो आणि लाजणाऱ्याकडे बघायला कुणाला सवडच नसते, त्यामुळे तोही हातवारे करू लागतो. एकच भिडू सारखा ओळखत असेल तर सांगायचं, आता जो अजून आला नाही त्याने या. यादी घरी बसून लिहा. ऐनवेळी "सुचेल की" म्हणणाऱ्यांना चौथ्या शब्दानंतर काही सुचत नाही.

चिठ्ठीवरची शिक्षा

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. पासिंग द पार्सलमध्ये गाणं थांबलं की पुडकं ज्याच्या हातात असेल त्याने चिठ्ठी उघडायची आणि त्यात लिहिलंय ते करायचं. कुठल्याही जमावात हा खेळ हमखास चालतो, म्हणूनच चिठ्ठ्या घाईघाईत लिहिल्या जातात.

एका ऑफिसच्या पार्टीत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली: "तुमच्या साहेबांची नक्कल करा." ती आली महिनाभरापूर्वी रुजू झालेल्या एका मुलाच्या हातात, आणि साहेब समोरच बसले होते. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते, "कर, कर" म्हणत होते. त्याने दोन वाक्यं कशीबशी म्हटली. चेहऱ्यावरचं हसू ताणलेलं होतं, कान लाल झाले होते. जेवायलाही न थांबता तो निघून गेला. त्याला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, "नाही हो मॅडम, काही नाही." पण तो चेहरा मी विसरलेले नाही.

त्यानंतर चिठ्ठ्या लिहिण्याचे माझे नियम पक्के झाले. नक्कल, वजन, दिसणं, लग्न, पगार, वय यांतलं काहीही चिठ्ठीत येत नाही. शिक्षा एकट्याला कधीच नाही: "डावी-उजवीकडच्या दोघांना घेऊन...", "तुमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी मिळून...". एकट्याला नाचायला लावणं आणि सहा जणांनी एकत्र नाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रत्येक चिठ्ठीत दोन पर्याय असतात, त्यातला एक जागेवर बसून करता येण्यासारखा. आणि "मला नको" म्हणणाऱ्याला टाइमप्लीज, कारण विचारायचं नाही, आग्रह करायचा नाही. गाणं लावणाऱ्याने गोलाकडे पाठ करून बसावं, नाहीतर ठरवून एखाद्यावर पुडकं थांबवलं जातं. फोनवरून गाणं लावत असाल तर ते आधी उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. मधेच कुणाचा फोन आला की "हे थांबलं धरायचं का?" यावर पाच मिनिटं जातात.

छोट्या छोट्या चुका

नियम लांबवू नका. उभ्या उभ्या एका मिनिटात सांगून होत नाहीत असे नियम असतील तर तो खेळ त्या दिवशी नको. एक खोटी फेरी खेळवून दाखवा, बोलण्यापेक्षा लवकर कळतं.

गरम ताटं समोर आली की खेळ थांबवा. डोळे बांधून गरगर फिरवायचे खेळ जेवणानंतर घेऊ नयेत, पायऱ्यांजवळ तर मुळीच नाही.

ओळखीसाठी चौकटी भरायचा खेळ घेत असाल ("ज्याला पोहता येतं", "जो डावखुरा आहे" अशा १६ चौकटी आणि प्रत्येकीत कुणाची तरी सही) तर एका माणसाची सही एकाच चौकटीत, हा नियम सुरुवातीलाच सांगा. नाहीतर दोन मैत्रिणी कोपऱ्यात बसून एकमेकींचे कागद भरून टाकतात.

हातांची गाठ सोडवायचा खेळ (गोलात उभं राहून समोरच्यांचे हात धरायचे आणि ते न सोडता गुंता सोडवायचा) आठ-दहा जणांतच घ्या. ती गाठ दर वेळी सुटतेच असं नाही. कधी दोन वेगळे गोल निघतात, तेही एकमेकांत अडकलेले, कधी खरोखरची न सुटणारी गाठ पडते. अशा वेळी एका जोडीला हात सोडून पुन्हा धरू द्यावेत. "जमेलच, प्रयत्न करा" म्हणत लोकांची मनगटं पिरगळत ठेवू नयेत.

सुरुवातीला काय घ्यावं सुचत नसेल तर माझा नेहमीचा खेळ घ्या. एक शब्दही न बोलता, फक्त खुणांनी, वाढदिवसाच्या तारीख-महिन्याप्रमाणे रांगेत उभं राहायचं. जन्मसाल नाही. २३ माणसं असली तरी कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते आणि चाळीस असतील तर जवळजवळ ८९ टक्के. अशी जोडी निघाली की दोन अनोळखी माणसं आपणहून एकमेकांशी बोलायला लागतात.

हाऊझीतले वाद

हाऊझी सोपी म्हणून कुणाच्याही हातात दिली जाते. तिकिटावर तीन ओळी, ओळीत पाच असे पंधरा आकडे, १ ते ९० मधले. आकडे पुकारणारा घाईत असला की पुकारलेले आकडे मांडून ठेवत नाही, मग कुणी "फुल हाऊस!" ओरडलं की पडताळायचं कशावरून? मी ९० घरांचा तक्ता समोर ठेवते, दर आकडा दोनदा पुकारते (दुसऱ्यांदा सुटे अंक, "सहा-सात, सदुसष्ट") आणि लगेच खूण करते. पुढचा आकडा पुकारला गेला की मागच्या आकड्यावरचा दावा बाद, हे सुरुवातीलाच सांगते. एकाच आकड्यावर दोघांचं फुल हाऊस झालं तर बक्षीस वाटून, म्हणून वाटता येईल असंच बक्षीस ठेवते. आणि बक्षीस लहानच बरं. मोठं ठेवलं की मोठी माणसंसुद्धा रडीचा डाव खेळायला लागतात.

माझ्या पिशवीत पेन्सिली असतात माणसांपेक्षा दहा जास्त, चिकटपट्टी, कोऱ्या चिठ्ठ्या, दोन घड्याळं आणि तो ९० घरांचा तक्ता. पेन्सिली दर वेळी कमी पडतात, त्यामुळे आता वीस जास्त ठेवणार आहे.