अठरा इंची वळणावर लांब डबे कसे चालवावेत

‘मोठी त्रिज्या घे’ हा सल्ला फुकट मिळतो, जागा मिळत नाही. फ्लॅटमधल्या खोलीत एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचं लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, करायची तर अठरा इंची, म्हणजे ४५७ मिमी त्रिज्येचंच वळण बसतं. त्यावर आयसीएफचे, म्हणजे भारतीय रेल्वेच्या जुन्या धाटणीचे डबे चालतात. मी चालवतो.

१:८७ प्रमाणात आयसीएफचा डबा साधारण २४५ मिमी भरतो, एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा, २७०. त्रिज्या डब्याच्या तिप्पट असली की निश्चिंत राहावं. आपण दुपटीच्याही आत आहोत, म्हणून पुढची सगळी खटपट. (माथेरानच्या गाडीचे डबे आखूड असतात ते उगाच नव्हे.)

रुळांच्या सांध्यांवरून बोट फिरवा, खटका लागला तर कानस मारा. जोडीच्या चाकांमधलं अंतर मापकाने तपासा. वजन एक औंस अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे आयसीएफला १६५ ग्रॅमच्या आसपास, आणि तेही तळाशी. हलका डबा पुढे आणि जड मागे असेल तर वळणात हलका आत ओढला जाऊन आडवा होतो.

आता कपलर, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा. तो डब्याच्या सांगाड्याला लावायचा की बोगीला? बोगी म्हणजे इथे डब्याखालची चार चाकांची जोडणी, अख्खा डबा नव्हे. या वळणावर डब्याचं टोक रुळाच्या मध्यरेषेच्या साडेआठ मिमी बाहेर जातं आणि पोट आठ मिमी आत येतं. लागोपाठचे दोन डबे एकाच वळणात असले तर दोघांची टोकं एकाच बाजूला सुटतात, निभावतं. भानगड होते वळणात शिरताना: एकाचं टोक बाहेर, दुसऱ्याचं अजून सरळ. डावं वळण संपताच उजवं लागलं तर फरक सतरा मिमीपर्यंत जातो. सांगाड्यातला कपलर एवढा वळत नाही, मग तो अख्खा डबाच ओढून उतरवतो.

डबे चिकटून दिसावेत म्हणून मी एकदा आठही डब्यांचे कपलर सांगाड्याला ठोकले. सरळ रुळावर झकास, पहिल्याच वळणात तिसरा डबा आडवा. मग दोन रविवार रूळ उखडण्यात घालवले. रुळाचा काही दोष नव्हता.

तेव्हा अठरा इंचांवर कपलर बोगीलाच, किंवा सरळ रुळावर डबे चिकटवून ठेवणारं आणि वळणात आपोआप लांबणारं क्लोज कपलिंग. ‘सांगाड्यालाच लावा, तेच खरं’ म्हणणाऱ्यांकडे तीस इंची वळणं असतात. बोगीच्या कपलरची खोड एकच: लांब रेक, म्हणजे डब्यांची माळ, मागे ढकलला की बोग्या तिरक्या होतात. ढकलायचे तर तीन-चारच डबे, तेही हळू.

बोगी इथे जवळजवळ अकरा अंश फिरते. डबा उलटा धरून ती हाताने फिरवा. बॅटरीची पेटी किंवा पायरी चाकाला लागत असेल तर तेवढा कोपरा निर्दयपणे तासा. एका बोगीचा स्क्रू बेताचा घट्ट, दुसरीचा पाव फेरा सैल. दोन्ही घट्ट केले की डबा चार पायांच्या डुगडुगत्या टेबलासारखा एक चाक उचलतो. दोन डब्यांमधला रबरी पडदा कडक असेल तर काढून मऊ फोम लावा.

लागोपाठच्या दोन उलट्या वळणांच्या मधे निदान एका डब्याएवढा सरळ रूळ हवाच. शेजारचा मार्ग वळणात ६० मिमी दूर ठेवा, नाहीतर एकाचं पोट दुसऱ्याच्या टोकाला घासेल. आणि फलाट वळणावर बांधू नका. फलाट आणि डब्यात एवढी फट पडते की प्रवासी खाली जातील.