शाळा आणि पाऊस दारात यायच्या आधी

आमच्या घरात पाच माणसं. आम्ही दोघं, माझी आई, सातवीत जाणारी मुलगी आणि दुसरीत जाणारा मुलगा. डोंबिवलीत दोन बेडरूमचा फ्लॅट. बायको नर्स आहे, तिची पाळी दर आठवड्याला बदलते. सकाळपाळी असली की ती सहालाच घराबाहेर पडते आणि डबे, दप्तरं, वेण्या, पाण्याच्या बाटल्या हे सगळं माझ्याकडे येतं.

मागच्या जुलैत एका रात्री मुलाला ताप चढला. बायको रात्रपाळीला होती. मी थर्मामीटर शोधत होतो, आई देवघराचे खण उघडत होती, मुलगी कपाटं धुंडाळत होती. वीस मिनिटांनी तो रिमोटच्या जुन्या सेलच्या डब्यात सापडला. घर तेव्हाही नीटनेटकंच होतं. पण कुठली वस्तू कुठे आहे हे एकट्या बायकोला ठाऊक होतं आणि ती वॉर्डात होती, फोन उचलू शकत नव्हती. त्या रात्रीपासून आमची शाळा आणि पावसाळ्याच्या तयारीची यादी बदलली. आता प्रत्येक वस्तूला एकच कसोटी: ती घरातल्या कुणालाही, कुणाला न विचारता सापडली पाहिजे.

मे महिना त्यासाठी सोयीचा. मुंबई-ठाण्याकडे पाऊस साधारण ११ जूनच्या सुमाराला पोचतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे दोन्ही पाहुणे एकाच आठवड्यात. मेचा दुसरा आठवडा आम्ही फक्त काढून टाकायला ठेवतो. बरेच जण आधी बाजारात जाऊन रंगीत टोपल्या आणि डबे आणतात; माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी घरातलं काढा, मग उरलेलं मोजा, आणि तरीही लागला तरच डबा आणा. मुलांना जुने गणवेश, बूट आणि रेनकोट घालून बघायला लावा. रेनकोट तर नक्कीच, कारण तो वर्षभर घडी करून ठेवलेला असतो आणि घडीवरच चिकटून फाटतो. आखूड झालेले गणवेश शेजारच्या लहान मुलाला, वह्यांची कोरी पानं फाडून एका क्लिपला, उरलेली रद्दी रद्दीवाल्याला. माळ्यावरच्या खोक्यांना खालून दिसेल अशा बाजूला मोठ्या अक्षरात नाव लिहा. स्टुलावर चढून पाच खोकी खाली काढायची आणि हवं ते सहाव्यात निघायचं, हे एकदा झालं की पुरे.

तिसरा आठवडा धान्याचा, कारण ऊन तेवढंच उरलेलं असतं. हा आईचा प्रांत. गच्चीवर चादर टाकून ती गहू वाळवते, आणि तिचा एक नियम मी आता पाठ केलाय: उन्हातला गरम गहू लगेच कोठीत भरायचा नाही. सावलीत पूर्ण गार होऊ द्यायचा, नाहीतर बंद कोठीत आतून घाम धरतो आणि धान्याला कुबट वास येतो. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला. पूर्वी ती वर्षाची बेगमी करायची. एवढ्या जागेत ते जमत नाही, म्हणून आम्ही जून ते सप्टेंबर अशी चारच महिन्यांची करतो. आमचं महिन्याला पंधराएक किलो गव्हात भागतं, म्हणून साठ किलोची एक कोठी. भरल्याची तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून कोठीला चिकटवलेली. रोजच्या डब्यांचं थोडक्यात सांगतो: चहा-साखर-पोहे-रवा ओट्याजवळच्या एकाच फळीवर, सगळे डबे पारदर्शक, आणि आईचा हात पोचतो त्याच्या वर रोजचं काहीही नाही.

खरं काम दाराशी आहे. पावसाळ्यात घराचा सगळा गोंधळ दाराच्या आतल्या चार फुटांत होतो. ओल्या छत्र्या, चिखलाचे बूट, ठिबकणारी दप्तरं, आणि त्याच वेळी कुणीतरी किल्ली शोधत असतं. आमच्या दारामागे आता हुकांच्या दोन ओळी आहेत. वरची मोठ्यांची, खालची मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. हूक उंच असताना तो रेनकोट खुर्चीवर टाकायचा आणि आम्ही त्याला रागवायचो; हूक खाली आणल्यावर पहिल्याच दिवशी त्याने स्वतः अडकवला. हुकांखाली एक पसरट प्लॅस्टिकचं घमेलं, ठिबकणारं पाणी त्यात. छत्र्या कोपऱ्यातल्या बादलीत उभ्या. बाजूला एक जुना टॉवेल, फक्त डोकं आणि दप्तर पुसायला, आणि एक जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. भिजलेल्या बुटांत कागदाचे बोळे घट्ट भरायचे, रात्री झोपताना ओले बोळे काढून कोरडे भरायचे, आणि बूट पंख्याच्या वाऱ्याला तिरपे ठेवायचे. सकाळपर्यंत घालण्यासारखे होतात. किल्ल्या, रेल्वेचा पास आणि तिघांची ओळखपत्रं दाराजवळच्या एका स्टीलच्या वाडग्यात. वाडगा उघडाच हवा; झाकण असलं की वस्तू झाकणावर राहतात.

गणवेशाचे तीन जोड घ्या. दोनांत उन्हाळा निभतो, जुलै निभत नाही. पंख्याखाली बांधायची दोरी आणि तिच्या खुंट्या पहिली सर येण्याआधीच ठोकून घ्या.

रात्री नऊला आमची पंधरा मिनिटं ठरलेली. वेळापत्रक मुलांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, ते बघून दप्तर मुलांनीच भरायचं. भरून झालं की उचलून बघा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात सांगितलंय की ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. आमचा मुलगा तेवीस किलोचा, म्हणजे त्याच्या पाठीवर सव्वादोन किलो. मी त्याला दप्तरासकट आणि दप्तराशिवाय वजनकाट्यावर उभं केलं तर फरक साडेतीन किलोचा निघाला. आत जुन्या दोन वह्या, भरलेली रंगपेटी आणि मैदानातून जमवलेले दगड होते. दगडांना आता खिडकीत एक डबा आहे, तिथे ते तो ओळीने लावून ठेवतो.

आता औषधांचा डबा. एकच डबा, मुलाच्या हाताला न लागणारा पण आईला दिसणारा. मेअखेर तो पूर्ण रिकामा करायचा, मुदत संपलेलं बाहेर. मुलांच्या पातळ औषधाची बाटली फोडली की त्या दिवसाची तारीख पेनने तिच्यावरच लिहायची, कारण छापलेली मुदत बंद बाटलीची असते. थर्मामीटर, त्याचा जादा सेल, बँडेज, कात्री आणि ओआरएसची पाकिटं. ओआरएसमध्ये मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं आणि लहान दोनशे मिलिलिटरचं, म्हणून पाकिटावरचं माप वाचूनच कालवायचं आणि कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला डॉक्टरांनी मुलांच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेले तापाच्या औषधाचे डोस, आईच्या रोजच्या गोळ्यांची यादी, पाचही जणांचे रक्तगट आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर. हा कागद बायकोने लिहिला, पण तो वाचून दाखवायला तिने मला आणि मुलीला लावलं.

कागदपत्रांचं मी अधिक आग्रहाने सांगेन. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच पावसात उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरच्या वस्त्यांत शिरलं. कल्याणला तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांच्या गुणपत्रिका, घराचे कागद, लग्नाचे फोटो सगळं पलंगाखालच्या पेटीत होतं. आठवडाभर ते ओले कागद दोरीवर चिमट्याने लटकलेले मी पाहिलेत. शाई उतरून सगळं निळसर झालं होतं. म्हणून आमची फाइल कपाटाच्या वरच्या खणात, आत प्रत्येकाची वेगळी झिपची पिशवी: आधार, जन्मदाखला, शाळेचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, विमा. रेशनकार्ड आणि घराचे कागद सहाव्या पिशवीत. मिळतील ते दाखले डिजिलॉकरमध्येही घेऊन ठेवलेत. फाइल उचलून दाराबाहेर पडायला एका मिनिटाच्या वर लागता कामा नये.

उरलेलं झटपट. गॅसच्या नारिंगी नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर बदला, आणि गळतीसाठीचा १९०६ नंबर ओट्याजवळ लिहा. कूलर धुऊन, पुसून, कोरडा करूनच माळ्यावर. फ्रिजच्या मागच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो, तो बहुतेक घरांत कुणी पाहिलेलाच नसतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर रविवारी तो ट्रे आणि कुंड्यांखालच्या बश्या ओतायच्या. हे काम मुलीचं, आणि फ्रिजच्या दारावरच्या तक्त्यात तिच्या नावापुढे लिहिलेलं आहे. त्याच तक्त्यात बायकोची पाळी, माझी उशिरा यायची वेळ आणि डबा कोण भरणार तेही.

मागच्या रविवारी आम्ही सगळं तपासून पाहिलं. बायको खुर्चीवर बसली, तिने काही बोलायचं नाही आणि कुणीही तिला विचारायचं नाही. मी एकेक वस्तू पुकारली. थर्मामीटर मुलाने डोळ्यांनी हेरला आणि बोट दाखवून आजीला काढायला सांगितलं. जन्मदाखला मुलीने आणला. सुई-दोरा मला मिळाला. मग घरातले दिवे बंद करून मी टॉर्च मागितली आणि आई अंधारात उठली. टॉर्च जागेवरच होती, पण दिवाणखान्यातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर, आईचा हात तिथून वीतभर खाली. दिवे लावून आम्ही ती तिच्या पलंगाच्या उशाशी खिळ्याला अडकवली, दोरी जरा लांब ठेवून.